काही पुसलेलं नाही

रिकाम्या घरात शिरताना ते आधी हाक मारायचे.

"कोण आसा रे घरांत? आमी आयल्यांव."

कुलूप त्यांनीच उघडलेलं, चावी त्यांच्याच खिशात, आत माणूस सोडा, मोडकी खुर्चीसुद्धा नाही, हे ठाऊक असताना. मग उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, आतून कुणी 'या' म्हणेल इतका वेळ थांबायचं, आणि मगच पाऊल आत. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, डोकं जाग्यावर नसावं. तिसऱ्या दिवसापासून मीही चपला बाहेर काढायला लागले. धुळीत अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या मागून चपला फटफटवत जायची लाज वाटते.

"रितें आसलें म्हूण काय जालें, बाय?" ते म्हणाले होते. "सांगल्याबगर कोणाच्या घरांत वचूं नये."

माझं माहेर बांद्याचं. लग्न होऊन हद्दीपलीकडे, पेडण्यातल्या तुये गावात आले. नवरा तिथल्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि मी मांद्र्याला, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका ऑफिसात. घरं विकून देणारं ऑफिस. माझं काम सांगितलं की माहेरची माणसं हसायची. हे म्हातारे, आमचे फोटोग्राफर काका, रिकाम्या खोल्यांचे फोटो काढून आणायचे, माप घ्यायला कधीकधी मीही बरोबर जायची, आणि मग कंप्युटरवर त्या फोटोंत सामान भरायची. नसलेला सोफा, नसलेला गालिचा, खिडकीत नसलेली कुंडी, भिंतीवर नसलेलं चित्र. व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणतात त्याला. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला रिकामी खोली बघवत नाही. तिथे आपण कसे बसू, कसे लोळू, हे त्याला आयतं दाखवावं लागतं. "म्हणजे लग्नाआधीच मुलीला मंगळसूत्र घालून फोटो काढायचा," असं माझी आई म्हणायची, आणि ते फारसं चूक नव्हतं.

काका मूळचे डिचोलीचे. तिथल्या बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकवाल्यांची लग्नं, बारशी आणि ट्रकांचेसुद्धा फोटो त्यांनी काढले. नवा ट्रक आला की त्याला हार घालून, समोर अख्खं कुटुंब उभं करून फोटो काढायची पद्धत होती. खाणी थांबल्या, ट्रक अंगणात गंजत पडले आणि स्टुडिओचं शटर खाली आलं. मग साठी उलटल्यावर हा माणूस स्कूटर घेऊन डिचोलीहून पेडण्यात घरांचे फोटो काढायला येऊ लागला. ऑफिसातली पोरं त्यांना 'म्युझियम' म्हणायची. मी काका म्हणायची. ते मला बाय म्हणायचे. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

स्कूटरच्या डिकीत कॅमेऱ्याखेरीज एक केरसुणी, ओली फडकी, हातोडी, पक्कड, चुन्याची डबी आणि एक जाड, चौकटी आखलेली वही असायची. घरात शिरलं की कॅमेऱ्याला हात नाही. आधी सगळी जनेलं उघडायची. खिडकीला ते जनेलच म्हणत. मग खोलीच्या मधोमध जमिनीवर बसायचं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी घड्याळ बघत उंबऱ्यात उभी.

"काका, सरांचो फोन येतलो आता."

"येवं दी. तूं बस मातशी."

कॅमेराही ते बसल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावायचे. बाकीचे फोटोग्राफर छातीच्या उंचीवर लावतात, खोली मोठी दिसते. यांच्या फोटोत छत उंच दिसायचं आणि जमीन जवळ. सरांनी (म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो) दोनदा झापलं. काकांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच केलं. मला म्हणाले, "उब्या मनशाक घर दिसना गो. उबो मनीस वचपाच्या घायेंत आसता." उभा माणूस कायम निघायच्या घाईत, असं त्यांचं म्हणणं.

मी फोटोत भरलेल्या सामानावर त्यांचा विशेष राग होता. ऑफिसात आले की माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे, हातात चहाचा कप आणि चहात बुडवलेला उंडो. पदेराकडून आणलेला तो पाव रोज सकाळी त्यांच्या खिशातच असायचा. उंडो चावत चावत माझी परीक्षा.

"हें मेज कोणाचें?"

"गिऱ्हाइकाचां."

"आठ जणांचें?"

"मोठी खोली असा, काका."

"खोली व्हड आसा तें दिसता माका. जेवतलो कोण, तें विचारतां."

किंवा: "हांगा कोच घालूं नाका. हांगा दनपारचें वत येता. कोचार बसलेलो मनीस भाजून वतलो." मी म्हणायची, काका, हा फोटो आहे, फोटोतल्या सोफ्यावर कोण भाजतंय? पण सोफा हलवायची. त्याची कारणं मला तेव्हा कळायची नाहीत. नंतर लक्षात आलं की त्यांनी सांगितलेल्या जागी सामान ठेवलं की फोटो बघणारा जरा जास्त वेळ थांबतो. हे मी सरांना कधी सांगितलं नाही. शाबासकी मीच घेतली.

देवाच्या खोलीचा फोटो ते काढत नसत. देव नेलेले असले, कोनाडा रिकामा असला तरी नाही. "थंय घालतलें कितें तूं? फ्लॉवरपॉट?" आणि खरं सांगायचं तर मी तेच घातलं असतं.

पण त्यांचा खरा वेडेपणा होता तो पुसण्याचा. म्हणजे न पुसण्याचा.

माझ्या कामात भर घालणं आहे तसं पुसणंही आहे. भिंतीवर ओल असते, वायर लोंबत असते, जुन्या कॅलेंडरचा खिळा असतो, दाराच्या चौकटीवर कुणा पोराची उंची मोजल्याच्या रेघा असतात. कंप्युटरवर दोन सेकंदांत नाहीशा होतात. पण काकांनी आल्या दिवशीच सरांना बजावलं होतं: माझ्या फोटोत पाहिजे ते घाला, मी मध्ये येणार नाही. पण त्यात असलेलं काही पुसायचं नाही. पुसायचं असेल तर दुसरा माणूस बघा. आणि सरांना दुसरा माणूस त्या दरात मिळत नव्हता.

मग खिळ्याचं काय? खिळा ते हाताने काढायचे. पक्कड लावून, भिंतीला इजा न करता, भोकावर चुन्याचा ठिपका. फोटो काढायचा. मग तोच खिळा पुन्हा त्याच भोकात ठोकायचा. मी कपाळाला हात लावायची.

"एका खिळ्याक आदो तास, काका? माका दोन सेकंद लागतत."

"तूं फोटोंतसून काडटलें. हांव वणटींतसून काडटां. फोटोंत जें दिसता तें त्या घडयेक थंय आसूंक जाय. इतलेंच." फोटोत दिसतं ते त्या क्षणी तिथे खरंच असायला हवं, हा त्यांचा नियम.

सामान असलेलं घर असलं तर हाच खेळ मोठ्या प्रमाणावर. आधी वहीत खोलीचा नकाशा काढायचा: कुठे काय आहे, भिंतीपासून किती बोटं. मग एकेक वस्तू स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवायची, रिकाम्या खोलीचा फोटो काढायचा आणि नकाशा बघून सगळं जिथल्या तिथे. हे सगळं त्या वयात, त्या कमरेने. आणि मग फोटोंचं कार्ड ऑफिसात देताना सोबत एक चिठ्ठी, वळणदार मराठी अक्षरात: 'यात काही पुसलेलं नाही.' खाली सही, तारीख. प्रत्येक घराची वेगळी चिठ्ठी. ऑफिसात कुणी ती वाचत नसे. मी फाइलला टाचून टाकायची, इतकंच.

हे कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही स्कूटरला किक मारता मारता. स्टुडिओ होता तेव्हा एका घरच्यांनी लग्नाचा फोटो आणून दिला होता. सून काडीमोड घेऊन गेली होती, तिला फोटोतून काढा म्हणाले. काकांनी काढलं, कारागीर होते, डागसुद्धा राहिला नाही. निगेटिव्हही त्या घरच्यांनी मागून नेलं. काही वर्षांनी त्या मुलीची आई स्टुडिओत आली. मुलगी वारली होती. चांगला फोटो एवढा एकच होता, तो मिळेल का म्हणून विचारायला.

"पुसूंक सोंपें आसता, बाय. मागीर हाडतलें खंयसून?" म्हणाले. पुसलेलं परत आणायचं कुठून, हा प्रश्न माझ्यावर सोडून स्कूटर सुरू झाली.

मला तेव्हा वाईट वाटलं, पण खरं सांगते, थोडं हसूही आलं. एका फोटोपायी माणूस आयुष्यभर खिळे उपटत बसतो, असं मनात आलं. माझी जीभ आणि माझी बुद्धी दोन्ही धारदार आहेत असं तेव्हा मला वाटायचं. घरीदारी तसं सगळे म्हणायचेही.

चोपडे गावचं घर आलं ते नारळाच्या मोठ्या भाटासकट, म्हणजे बागेसकट. नदीच्या अंगाला मोठं घर, मालक मुंबईला, आणि भाटाच्या मागच्या टोकाला दोन खोल्यांचं मातीचं घर. सरांचा फोन आला: ते मागचं छोटं घरही घ्या, 'गेस्ट कॉटेज' म्हणून दाखवायचंय. माप घ्यायचं होतं म्हणून त्या दिवशी मीही काकांबरोबर गेले होते.

छोट्या घरात एक बाई राहत होती. साठीच्या आसपासची, ताठ, तोंडाळ. तिच्या सासऱ्याला भाटकाराच्या, म्हणजे त्या मुंबईच्या मालकाच्या, वडिलांनी माडांची राखण करायला तिथे आणून वसवलं होतं. सासरा गेला, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन तुयेला गेली, ही तिथेच. आमच्याकडे अशांना मुंडकार म्हणतात. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचा त्या घरावर कायद्याने हक्क असतो. फक्त आपण तिथे राहतो हे मामलेदारासमोर सिद्ध करावं लागतं. हे सगळं मला नंतर कळलं. तिने अर्ज केलेला होता, हेही नंतरच. त्या दिवशी ती मला नुसती मावशी होती, अंगणात सुपात तांदूळ निवडत बसलेली.

काकांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

"वयनी, घराचे फोटो काडूंक आयल्यांव. सामान मातशें भायर काडटां. आसलें तशें परत दवरतां."

"कित्याक रे फोटो?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मालकांनी सांगितलंय, सगळ्या भाटाचे काढायचे आहेत. ते खोटं नव्हतं. मावशीने सूप खाली ठेवलं आणि पदर खोचला.

दोन तास लागले. काकांनी वहीत नकाशा काढला. मग चटई, गोधड्या, स्टीलचे तीन डबे, मासे चिरायची आदोळी, दोरीवरची लुगडी, स्टोव्ह, नवऱ्याची तसबीर, सगळं एकेक करून बाहेर माडाखाली आणलं. मावशीही हात लावत होती. "आरे, लगीन आसा काय म्हज्या घरांत?" म्हणून हसत होती. तसबीर तिने कुणाला उचलू दिली नाही, स्वतः मांडीवर घेऊन बसली. मी टेपचं एक टोक धरून खोल्या मोजल्या. काकांनी खोलीत खाली बसून फोटो काढले. शेणाने सारवलेली जमीन, कोरी भिंत, जनेलातून येणारं ऊन. मग नकाशा बघत सगळं परत आत. काडेपेटीसुद्धा स्टोव्हच्या उजव्या अंगाला, पहिल्यासारखी तिरकी. मावशी ते बघून तोंडावर हात घेऊन उभी राहिली.

"हो मनीस म्हज्या घोवाक मेळूंक जाय आसलो," ती नवऱ्याच्या तसबिरीकडे बघत मला म्हणाली. "ताणें आयुश्यांत एक कप जाग्यार दवरूंक ना."

तिने आम्हाला चहा दिला. ऑफिसात येऊन मी त्या खोलीत पांढरी चादर घातलेला पलंग टाकला, वेताचा दिवा टांगला, कोपऱ्यात एक गिटार उभी केली. फार छान झालं होतं ते काम.

चार-पाच महिन्यांनी मावशीची मुलगी ऑफिसबाहेर मला गाठायला आली. हातात कागदांची गुंडाळी. भाटकाराने मामलेदाराच्या कोर्टात म्हणणं मांडलं होतं की ही बाई केव्हाच मुलीकडे तुयेला राहायला गेली, घर ओस पडलंय. मुलगी बाळंतपणानंतर बरीच आजारी होती तेव्हा मावशी तिच्याकडे होती आणि रेशनकार्डही तिकडे बदलून घेतलं होतं, तेवढा धागा त्यांना पुरला. आणि पुरावा म्हणून जोडले होते काकांचे फोटो. माझे पलंग-गिटारवाले नव्हेत, मूळचे. कोरी जमीन, कोरी भिंत. तारखेसकट.

मावशीची वकील पेडण्याची एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, फोटो काढणाऱ्या माणसाने येऊन खरं काय ते सांगावं. काका लगेच हो म्हणाले. नकाशाची वहीही घेऊन येतो म्हणाले.

आणि इथे मी शहाणपण केलं.

मी विचार केला, हे कोण मानणार? कुणी म्हणेल, मी बाईचं सगळं सामान बाहेर नेलं, फोटो काढला आणि काडेपेटीसकट परत ठेवलं. हे ऐकून शेंबडं पोरसुद्धा हसेल. उलट कंप्युटरवर पुसलं म्हटलं तर कोण शंका घेणार? कंप्युटरवर काहीही करता येतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. मी काकांना मांद्र्याच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसवून समजावलं. तुम्ही एवढंच सांगा की फोटोत सामान होतं, नंतर ऑफिसने पुसलं.

"पूण तुवें पुसूंक ना न्हू, बाय."

"नाय पुसलां. पण म्हटलां तर काय होता? कोणाचां वायट होता?"

"म्हजे फोटो खरे आसात गो."

"काका, तुमच्या खऱ्यापायी तिचां घर जातलां," मी म्हटलं. "तुमका फोटो मोठो की माणूस?"

हे वाक्य मी फार जोरात म्हटलं. स्वतःवर खूश होऊन म्हटलं. ते चपलेच्या अंगठ्याशी बोटाने काहीतरी करत बसले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, पुन्हा तेच पटवलं. तिसऱ्या दिवशी ते बरं म्हणाले. वकील मुलीला यातलं काही सांगू नका, असंही मीच सांगितलं. मी मात्र साक्षीला येते म्हटलं नाही. माझी नोकरी होती. 'ऑफिसने पुसलं' एवढंच म्हणा, कोणी ते सांगू नका, असंही मी त्यांना बजावलं होतं.

सुनावणीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले आणि दाराजवळच्या गर्दीत उभी राहिले. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. खिशात उंडो नव्हता. हातात पिशवी आणि पिशवीत वही.

"फोटोंत सामान आसलें," ते म्हणाले. आवाज इतका खाली की मामलेदारांनी दोनदा विचारलं. "मागीर ऑफिसान कंप्युटरार पुसलें."

मावशीची वकील मान वर करून त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला हे नवीन होतं.

भाटकाराच्या वकिलाने घाई केली नाही. त्याने फाइलमधून एक चिठ्ठी काढली. माझ्या हाताने टाचलेली चिठ्ठी. सरांनी मूळ फोटोंबरोबर ती सबंध फाइलच त्याच्या हवाली केली होती.

"हे अक्षर तुमचं?"

काकांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली.

"मोठ्याने वाचा."

"यात काही पुसलेलं नाही," त्यांनी वाचलं.

"सही?"

"म्हजी."

"म्हणजे तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

काकांनी पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि पुढे धरलं. "हें खरें. सामान हांवें भायर काडलें. परत दवरलें. हें बगा, हांगा चटय, हांगा स्टोव्ह..." वकील हसला. म्हणाला, हे आज सकाळी बसून काढलं असेल. जो मनुष्य दोन मिनिटांत दोन गोष्टी सांगतो, त्याच्या वहीचं काय घेऊन बसायचं? मामलेदार हसले नाहीत. त्यांनी वही हातात घेऊन नीट पाहिली, पानं उलटली, इतर घरांचे नकाशे पाहिले, आणि मग सावकाश ती परत केली. म्हणाले, हे आधी का नाही सांगितलंत? त्या सद्गृहस्थांना मी दोष देणार नाही. समोर आलं त्यावरच त्यांना ठरवायचं होतं. वकील मुलगी बाहेर आल्यावर रडकुंडीला येऊन म्हणाली की ही वही आधी आली असती, साधं खरं सांगितलं असतं, तर मी जागेची पाहणी मागितली असती, शेजारी उभे केले असते, डिचोलीपासून ह्यांचा हा वेडेपणा ठाऊक असलेली दहा माणसं आणली असती. आता माझ्या साक्षीदाराचीच अब्रू गेली.

मी तिथेच उभी होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल माझा नव्हता.

अर्ज फेटाळला गेला. पुढे अपील करायला मावशी तयार झाली नाही. तिच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. ती मुलीकडे तुयेला आली, एका खोलीच्या भाड्याच्या घरात, जिथे आधीच चौघं होती.

काकांना तिला भेटायचं होतं. एकटे जायचा धीर होईना म्हणून मला बरोबर नेलं. त्यांनी उंबऱ्यात चपला काढल्या आणि नेहमीची हाक न मारताच ते आत गेले. मावशी पलंगाच्या कडेला बसली होती. तिचे डबे एकावर एक रचून पलंगाखाली सारले होते. तसबीर लावायला भिंतीवर जागा नव्हती, ती कपड्यांच्या बोचक्यावर ठेवली होती.

"सामान भायर काडलें, ताचो माका राग ना," ती म्हणाली. "तें तर हांवूंच उखलताली तुज्याबरोबर. पूण तुवें फट कित्याक मारली, खोटें कित्याक उलयलो? तूं म्हज्या घरांत च्या पियेलो. हांव थंय रावतां तें तुवें दोळ्यांनी पळयलें. आनी थंय वचून फट सांगली. तूं खरें उलयलो आसतो आनी तरीय घर गेलें आसतें, तर हांव म्हणपाची, नशीब म्हजें."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. गुडघ्याला गुडघा लागत होता. मला वाटलं, आता ते सांगतील. सांगायलाच हवं होतं. मी मनात उत्तर जुळवत होते, म्हणजे स्वतःचा बचाव जुळवत होते.

"चुकलें म्हजें, वयनी," काका म्हणाले. "म्हज्याच मनांत आयलें तशें."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मावशीने तोंड फिरवलं. तिच्या मुलीने चहा आणला. काकांनी कप हातात धरला आणि न पिता खाली ठेवला. मी प्यायले.

त्यानंतर त्यांनी फोटो काढणं सोडलं. सरांना निरोपसुद्धा दिला नाही, नुसते येईनासे झाले. मी एकदा डिचोलीला गेले होते तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. बाल्कांवात, दारापुढच्या ओटीवर, बसून होते. वाळले होते. माझ्याशी बोलले नीट, नवऱ्याची विचारपूस केली, कामाचं काही विचारलं नाही. मी म्हटलं, काका, मी मावशीला सांगते सगळं. तर हात हलवून म्हणाले, "आतां कित्याक? तुजें तरी नांव बरें उरूं दी." मी सांगते म्हटलं ते मनापासून म्हटलं होतं की ते नको म्हणतील याची खात्री असल्यामुळे, हे मला आजही ठरवता येत नाही. गेल्या चतुर्थीच्या आधी ते गेले. मला चार दिवसांनी कळलं.

मी अजून त्याच ऑफिसात आहे. आता कंप्युटर खोलीतलं सामान आपणहून पुसतो, मला बटणसुद्धा दाबावं लागत नाही. नवीन फोटोग्राफर बुटांसकट घरात शिरतो आणि दहा मिनिटांत बाहेर पडतो. काम पटापट होतं.

गेल्या महिन्यात तुयेच्या नाक्यावर मावशी भेटली. हातात मासळीची पिशवी, बस यायची होती. खूप थकली आहे. मी तिला सांगितलं की काका गेले. तिने पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले, ओठांत काहीतरी पुटपुटली. मग पिशवी पुन्हा उचलली.

"बरो मनीस दिसतालो गो," ती म्हणाली. "काडेपेटी सुद्दां जाग्यार दवरली ताणें. तसलो मनीस फट मारता? माका अजून निदेंत येता तें." मग माझ्याकडे वळली. तिची नजर आता अधू झाली आहे, अगदी जवळून बघते. "तूं ताच्यावांगडा काम करताली. तुका खबर आसतली. ताणें तशें कित्याक केलें?"

समोरून बस येताना दिसत होती, पण अजून लांब होती. सांगायला भरपूर वेळ होता.

"माका म्हायत नाय, मावशी," मी म्हटलं.